तीन वाजताचं नवल

हुडकेश्वर, नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

विक्की,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण ते तू घेशील की परत पाठवशील याची खात्री नाही, म्हणून सध्या माझ्याकडेच ठेवते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. पत्र निदान फेकण्याआधी हातात तरी घ्यावं लागतं.

घाबरू नकोस, आई बरी आहे. जरा जास्तच बरी आहे, आणि तीच माझी काळजी आहे.

दिवाळी झाल्यापासूनची गोष्ट. आम्ही दोघी जेवत होतो. भाकर मोडता मोडता आई म्हणाली, "माया, केळीचं झाड झाडच नोहे वं. गवत हाय ते. मोठं झालेलं गवत." मला वाटलं, उगीच काहीतरी बोलते आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, समुद्रात आठ हातांचं एक जनावर आहे, त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. तिसऱ्या दिवशी तर कहर केला. मी रस्सा वाढत होते आणि ही म्हणते, "मिरची आपली नोहे. गोऱ्या लोकांच्या जहाजातून आली. त्याच्या आधी आपल्या देशात कोणं मिरची पाह्यलीच नव्हती." आपल्या घरात बसून! पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय ज्या कोष्ट्याच्या घरी रस्सा झाला असं मानत नाहीत, त्या घरात!

मी प्रत्येक गोष्ट पडताळून पाहिली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तिन्ही खऱ्या निघाल्या.

आता तूच विचार कर. बाई त्र्याऐंशी वर्षांची. शिक्षण चौथीपर्यंत. मोतीबिंदूनंतर पेपर वाचत नाही, टीव्हीवर भजनाशिवाय काही लावत नाही. मग हे ज्ञान कुठून येतं आहे? आणि ती ते साधंसुधं सांगत नाही, विक्की. "आजचं नवल आइक," असं म्हणून सांगते. बाबा माग बंद करून उठले की सांगायचे, तसं. आपल्याकडे नवल सांगितल्याशिवाय ताट मिळत नसे, हे तू विसरला असशील तर विसर, मी नाही विसरले. बाबा किराण्याच्या पुडीचे कागद वाचून वाचून नवलं जमवायचे. ऐकणाऱ्याने "खोटं!" म्हणून ओरडायचं, आणि नवल खरं निघालं तर ओरडणाऱ्याने सगळ्यांची ताटं घासायची. ताटं बहुतेक मीच घासली. तू लबाड, तू कधी ओरडायचाच नाहीस.

बाबा गेल्यापासून या घरात कोणी नवल सांगितलेलं नाही. आईने तर नाहीच. मग हा शब्द तिच्या तोंडी आता कसा आला?

कुठेतरी पाणी मुरतंय. दुपारी मी समोरच्या दुकानात असते. फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम, दिवाळीनंतर लग्नसराईची गर्दी. आई मागच्या खोलीत असते, आणि तिच्याजवळ बाबांचा तो बटणांचा फोन. परवा दोरा घ्यायला आत आले तर फोन कानाला लावून ही खदखदा हसत होती. मला पाहिलं आणि फोन उशीखाली. विचारलं तर म्हणाली, "रांग नंबर." राँग नंबरवर माणूस इतका हसतो?

रोज पेपरात येतं. म्हाताऱ्या माणसांशी महिनाभर गोडगोड बोलतात, विश्वास बसला की खात्याचा नंबर विचारतात, नाहीतर पोलिसाचा वेश करून धमकावतात. मला तर रात्री झोप नाही. तू कम्प्युटरवाला माणूस आहेस. असला फोन कुठून येतो हे कसं शोधायचं, तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

तुझं माझं जे आहे ते आहे. बाबांना अग्नी मी दिला, तो राग माझ्यावर काढ. घाई कशासाठी झाली, कोणाच्या शब्दावर झाली, हे मी तेव्हा बोलले नाही आणि आताही बोलणार नाही. तू म्हणतोस तुझी रेल्वे नागपूरच्या अलीकडे कन्हानला उभी होती. असेल. मला तसं कोणी सांगितलं नाही, आणि तासाभराच्या वाटेवर असलेला माणूस अग्नीआधी घरी पोचत नाही हे मला आजही पटत नाही. पण आई तुझीही आहे.

ताई


१७ नोव्हेंबर

विक्की,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मीच शोधून काढलं.

आधी माझा संशय प्रणालीवर गेला. वरच्या खोलीत भाड्याने राहते ती मुलगी, उमरेडकडची. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. खोलीत जिकडे तिकडे सामान्य ज्ञानाची पुस्तकं. म्हटलं, हीच आईचे कान भरते, उद्या भाडं माफ करून घेईल, परवा घरच लिहून घेईल. सरळ वर गेले आणि विचारलं. पोरगी आधी हसली, मग तिचं तोंड उतरलं. "काकू, मले स्वतःचा अभ्यास होऊन नाई राह्यला, आजीले कुठं शिकवू? अन् आमच्या परीक्षेत निळ्या रक्ताचे प्रश्न येत नाईत. कोणता कायदा कोणत्या साली झाला, तेच येते." मला जरा वाईट वाटलं, पण मी दाखवलं नाही.

तिनेच उपाय सांगितला. "आजीचा फोन पाहा ना काकू. कोणाचा कॉल आला ते त्याच्यातच राहते." आई आंघोळीला गेल्यावर आम्ही पाहिलं. एकच नंबर. रोज दुपारी तीन वाजता. कधी पाच मिनिटं, कधी वीस. रविवारी नाही. प्रणालीने तो नंबर तिच्या फोनवर टाकून पाहिला. नाव आलं नाही. राज्य आलं. छत्तीसगड.

छत्तीसगडमध्ये आपलं कोण आहे, विक्की? भिलाईत एक तू.

मी शहाणी तर अशी, की पुराव्याशिवाय बोलत नाही. पण पुरावाही आईनेच दिला. काल जेवताना म्हणाली, "माया, कम्प्युटर आपल्या मागातून निघाला म्हणे." मी विचारलं, कसा? तर म्हणते, "साडीच्या काठावर मोर काढाले आपण भोकं पाडलेले पुठ्ठे नाई का लावत होतो मागावर? कोठं भोक, कोठं नाई, त्याच्यावरून दोरा वर जाये. तेच पाहून कम्प्युटरवाल्यांनी भोकांचे कार्ड केले." पुठ्ठे, भोकं, मोराचा काठ! हे कोष्ट्याच्या पोराशिवाय कोण सांगेल? फसवणूक करणाऱ्याला मागाचं काय देणंघेणं?

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी जगभर चोर शोधत होते, आणि चोर माझ्या पाठचा.

आईशी बोलायचं तर बोल ना, उजळ माथ्याने बोल. मी नको म्हणते का? पण मी दुकानात असते ती वेळ धरून, लपूनछपून, बाबांच्या नवलांचं आमिष दाखवून कशाला? इतक्या वर्षांत एक फोन नाही आणि आता रोज? मला याच्यात चांगलं काही दिसत नाही. हुडकेश्वरचं हे घर आईच्या नावावर आहे हे तुला माहीत आहे. इकडे आता जिकडे पाहावं तिकडे इमारती उठताहेत, बिल्डर दारात येऊन जातात, हेही कोणीतरी तुझ्या कानावर घातलं असेल. तुझा डोळा घरावर आहे का? असेल तर तोंडावर सांग. म्हातारीला हसवून अंगठा घेऊ नकोस.

नंबर लिहून ठेवला आहे. शेवटचे आकडे ४१७. आता नाही म्हणून दाखव.

हे पत्र मी उद्या सकाळी स्वतः पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने टाकणार. मिळालं नाही असं म्हणायला जागा ठेवत नाही.

ताई


१९ नोव्हेंबर

विक्की,

आधीचं पत्र मिळालं असेल तर वाचू नकोस. वाचलं असेल तर विसरून जा. माझी चूक झाली.

तो फोन तुझा नव्हताच. चौकशी केली. औषधाच्या एका कंपनीची मुलगी आहे, म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून देते. त्यांची तशी काहीतरी स्कीम असते. बोलता बोलता करमणूक म्हणून चार गोष्टी सांगते. नंबर छत्तीसगडचा निघाला हा योगायोग. आजकाल कुठलाही माणूस कुठलंही सिम वापरतो.

त्यामुळे तू त्या नंबरवर फोन करून पाहू नकोस. घरात कोणाचा फोन तपासायची तर काहीच गरज नाही. म्हणजे तू तपासशील असं नाही, पण आपलं सांगून ठेवलं.

तुझी गुंजन कशी आहे? अकरावीत असेल आता. अभ्यासाला मुलांना फोन लागतोच, त्याला आपण काही करू शकत नाही. मुलांवर फार संशय घेऊ नये.

आई बरी आहे. घराबद्दल जे लिहिलं तेही विसर.

ताई


३ डिसेंबर

विक्की,

तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांनी चार शब्द. "गुंजनच्या नादी लागू नका."

लागू नका. मला अहो-जाहो. लहानपणी तुझं नाक मी पुसलं, मागाच्या कांड्यांवर सूत भरताना तुझ्या बोटात दोरा रुतला तर फुंकर मी घातली, आणि आता मी तुम्ही झाले. चालेल. मी काही त्याने मरणार नाही.

एकोणीस तारखेला मी तुला खोटं लिहिलं. औषधाची कंपनी नाही, स्कीम नाही, काही नाही. आता लपवून फायदा नाही, कारण लपवायचं ते तू आधीच शोधलंस, आणि तेही माझ्याच पत्रावरून. तर खरं काय झालं ते ऐक.

अठरा तारखेला सकाळी तुझं पत्र पोस्टात टाकून आले. दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत दबा धरून बसले. आईला मुद्दाम शेजारच्या वच्छलाबाईकडे हळद आणायला पाठवलं होतं. तीनला फोन वाजला. मी उचलला आणि गप्प राहिले. म्हटलं, विक्कीचा आवाज ऐकू दे, मग असं सुनावते की बस्स.

तिकडून पोरीचा आवाज आला. "आजी, आजचं नवल एकदम खतरनाक आहे. लहान बाळाला आपल्याहून जास्त हाडं असतात. मोठं होता होता ती जुळून जातात. खोटं म्हण ना आजी!"

आणि विक्की, माझ्या तोंडातून निघून गेलं, "खोटं!" सवय. जन्माची सवय.

 मग हळूच, "आत्या?"

सात वर्षांची असताना पाहिली होती मी तिला. तिला माझा आवाज आठवत होता. मला रडू आलं हे मी तुला कशाला सांगते आहे, तू म्हणशील नाटक. पण आलं.

मग तिने भराभर सगळं सांगितलं. तुझ्या फोनमध्ये एक नंबर अजून "बाबा" या नावाने आहे. दिवाळीच्या सुटीत तिला तो दिसला. आजोबा तर गेले, मग हा फोन आता कोणाकडे असेल, म्हणून गंमत म्हणून लावला. आईने उचलला. बोलायचं काय, दोघींना सुचेना. तेव्हा आई म्हणाली म्हणे, "एखादं नवल सांग." पोरीला वाटलं, ही काय भानगड आहे. तर आईने तिला सगळी रीत समजावून दिली, बाबांची, मागाची, ताटांची. आणि पोरगी रोज कॉलेजातून येताना एक नवल शोधून, रस्त्यात कुठेतरी उभी राहून फोन करायची. तुझा डोळा घरावर नव्हता. तुझ्या मुलीचा जीव आजीवर होता, बस्स.

शेवटी म्हणाली, "आत्या, पप्पांना नको सांगू. आमच्या घरी नागपूरचं नाव काढलं की पप्पा जेवणावरून उठतात."

मी म्हटलं, नाही सांगत. आणि तेव्हा तुझं पत्र पोस्टाच्या पिशवीत होतं, नंबरासकट, वेळेसकट. मी तशीच रिक्षा करून पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईला म्हटलं, पत्र परत द्या. ती म्हणाली, बॅग गेली. म्हणून ते एकोणिसाचं खोटं पत्र. तुला लहानपणापासून खोटं ओळखता येतं, मला सांगता येत नाही.

एकवीस तारखेपासून गुंजनचा फोन बंद आहे.

आता इकडचं ऐक. पहिल्या दिवशी आईने तीनला फोन हातात घेतला, साडेतीनला ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पोरीची परीक्षा असेल. आता काहीच म्हणत नाही. तीन वाजायच्या आधी लुगडं नीट करते, केसांवरून हात फिरवते आणि बसते. फोन चार्ज झाला आहे का ते मला पाच वेळा विचारते. जेवण निम्म्यावर आलं. काल ताट सरकवून म्हणाली, "कावळा माणसाचं तोंड सालोसाल इसरत नाई, मालूम हाय का तुले? गुंजननं सांगितलं." मग फोनकडे पाहत, "कावळ्याचं ठीक हाय. पोराचं काय?"

विक्की, मला माहीत आहे तू चिडला आहेस. पोरीने लपवलं, हा तुला अपमान वाटला असेल. पण लपवायची पाळी तिच्यावर कोणी आणली? पोरीचा फोन काढून घेतलास ना? सिम बदललंस? मला सांगू नकोस, मी ओळखते. माझ्यावरचा राग आईवर काढू नकोस. तिच्याजवळ दुसरं काय उरलं आहे? मला शिक्षा द्यायची तर दे, मी कुठे पळून चालले आहे? दिवसातून पाच मिनिटं मागते आहे मी. तिच्यासाठी.

ताई


१२ डिसेंबर

विक्की,

हे पत्र माझं अर्धं आणि आईचं अर्धं आहे. माझं आधी वाच.

आईने तीन दिवस नीट अन्न घेतलं नाही. नुसता चहा आणि चार घास. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही नाही. मला कळेना काय करावं. शेवटी वर प्रणालीकडे गेले. जिच्यावर मी चोरीचा आळ घेतला होता तिच्याच दारात. म्हटलं, बाई, तुझ्या फोनवरून आईला फोन लाव, गुंजन म्हणून बोल, एक नवल सांग. ती म्हणाली, "काकू, हे बरोबर नाई." मी म्हटलं, मलाही माहीत आहे, पण लाव. तिला दया आली असावी. आईची की माझी, ते मी विचारलं नाही.

बरोबर तीनला लावला. मी बाजूला उभी. प्रणालीने आवाज बारीक केला आणि सांगितलं की शुक्र नावाचा जो ग्रह आहे ना आजी, त्याचा एक दिवस त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. स्वतःभोवती फिरायला त्याला सूर्याभोवती फिरण्याहून जास्त वेळ लागतो. छान सांगितलं तिने. मला वाटलं, जमलं.

आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तुहा आवाज फोनातून बी येऊन राह्यला अन् जिन्यातून बी येऊन राह्यला." प्रणालीने जीभ चावली. "माया बाजूले हाय का? तिले दे फोन."

मी फोन घेतला. एका घरात वर एक आणि खाली एक, अशा आम्ही फोनवर. म्हटलं आता रागावेल. ती म्हणाली, "तुले काहून वाटते मी नातीच्या आवाजासाठी बसून राह्यली?" मी म्हटलं, मग कशासाठी? "मी विक्कीच्या भेवानं बसून राह्यली. पोरीले त्यानं मारलं तर नसन ना? माह्या पायी पोरीवर आलं वं. खाली ये. कागद घेऊन ये. फोनवर मी सांगन अन् तो कापून टाकन. कागद कापता नाई येत."

मी खाली गेले. तिने भिंतीला टेकून सांगितलं आणि मी लिहिलं. एक शब्द बदलला नाही. ती म्हणाली, जसं बोलते तसंच उतरव, तू शाळेतलं मराठी करू नको.

*

विक्की बापू, मी तुही माय बोलून राह्यली. माया लिहून राह्यली. आता जे सांगून राह्यली ते मायालेबी मालूम नाई. ती लिहिता लिहिताच आइकन.

तुहा बाप सकाळी आठाले गेला. मे महिना. तुले आठवते का तेव्हाचं ऊन? बरफ आणला तर घंटाभरात पाणी होऊन गेलं. दुपार झाली अन् त्याचं तोंड बदलाले लागलं. माया बाहेर बायांत होती, तिनं पाह्यलं नाई. म्या पाह्यलं. पन्नास साल म्या ते तोंड रोज पाह्यलं होतं गा. ते तसं पाहवेना.

त्याचाच फोन माह्या कंबरेले होता. तुहा फोन आला. तू म्हणला, आई, कन्हानले गाडी उभी हाय, समोर मालगाडी हाय, मी उतरून ऑटोनं येतो, थांबा. म्या हो म्हटलं. मले मालूम होतं तू खरं बोलून राह्यला. लहानपणापासून तू माह्याशी खोटं नाई बोलला. म्या फोन बंद केला. त्याचं बटन दाबून बंद केला. अन् बाहेर येऊन माणसाईले म्हटलं, उचला.

ते म्हणाले, विक्की कुठं पोचला? म्या म्हटलं, मालूम नाई. तो लेट हाय. माया म्हणे, थोडं थांबू. म्या तिले म्हटलं, आता थांबू नको, तूच अग्नी दे. तिनं माहं आइकलं.

तुह्या बापाचं ते तोंड तुले दाखवाचं नव्हतं. तू त्याचा फार लाडाचा. तुले तो हसून नवल सांगतानाच दिसला पायजे, असं माह्या मनात आलं. चूक का बरोबर, मले मालूम नाई. मंग तू आला अन् तू मायाले बोलला, माया तुले बोलली. मले वाटलं दोनचार दिवसात मिटन. मंग म्या सांगायची हिंमत धरो धरो अन् टायमच निघून जाये. तू मायावर रागावला, माया तुह्यावर संशय घे. अन् मी दोघाईच्या मधात चूप. आता ते पोरीवर आलं. आता चूप नाई राहवत.

राग करायचा तं माह्यावर कर. अन् पोरीले मारलं असन तं तिले जवळ घे.

*

एवढंच सांगून ती आडवी झाली. म्हणाली, पाकीट चिकटव आणि आत्ताच टाकून ये.

मी टाकायला निघाले होते, पण दारातून परत आले. मला माझंही लिहायचं आहे.

"उचला" हा शब्द आईचा होता, हे मला माहीत होतं. ते मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण माझ्यावर रागावलेला भाऊ मला चालला असता, आईवर रागावलेला मुलगा तिला चालला नसता. त्याचा मला थोडा गर्वही होता, खरं सांगते. वाटायचं, मी किती सोसते आहे. पण तुझ्या फोनचं मला माहीत नव्हतं. मी तेव्हा आईला विचारलं होतं, विक्की म्हणतो त्याने फोन केला होता, खरं का? ती म्हणाली होती, "आला असन, मले सुध नव्हती." आणि मी ठरवून टाकलं की तू खोटं बोलतोस, भिलाईहून वेळेवर निघालाच नव्हतास, आणि कन्हानची गोष्ट मागाहून रचलीस. किती जणांना मी हे सांगितलं असेल. नातेवाइकांत, शेजारणींत, लग्नाकार्यांत.

लिहिताना माझा हात थांबला तेव्हा आईने विचारलं, लिहिलं का? मी म्हटलं, लिहिलं. मला तिचा राग आला, इतका की उठून निघून जावंसं वाटलं. मग तिच्याकडे पाहिलं. भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर उपडे. राग कुठे ठेवावा ते मला कळेना. अजून कळलेलं नाही. आज मी तिच्याशी नीट बोलू शकणार नाही बहुतेक. उद्या बोलेन. भाकर मात्र करून ठेवली आहे, आणि तिने ती पूर्ण खाल्ली.

तू येशील की नाही, मी विचारत नाही. गुंजनला फोन परत दे, एवढं कर. तिला सांग, आत्या रागावलेली नाही, कोणीच रागावलेलं नाही.

आणि विक्की, तू कन्हानला होतास. तिथून घरी यायला ऑटोला किती वेळ लागतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. आम्ही थांबायला हवं होतं.

ताई